कूलर चालते, राख उडते

गेल्या सेमिस्टरमधली गोष्ट. मेसला रविवारी सावजी रस्सा होता आणि नेहमीप्रमाणे माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर सांडला. हॉस्टेलच्या नळावर डागावर कपड्यांचा साबण घासला, तर पिवळा डाग निघायच्या ऐवजी चक्क लालभडक झाला. मी घाबरून रूममेटला हाक मारली. ती आली, बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "काऊन वं, कधी हळद पाह्यली नाही का? लिंबू लाव न." मेसमधून अर्धं लिंबू मागून आणलं आणि लावलं. डाग परत पिवळा! पुन्हा साबण लावला, पुन्हा लाल. कुर्ता राहिला बाजूला, आम्ही दोघी पंधरा मिनिटं तोच खेळ खेळत बसलो.

दुसऱ्याच दिवशी केमिस्ट्रीच्या व्हायव्हात सरांनी विचारलं, "भौतिक आणि रासायनिक बदलातला फरक सांगा." मी सातवीपासून पाठ असलेलं उत्तर ठोकून दिलं, "भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक बदल उलटवता येत नाही." सरांनी मान डोलावली, मार्क दिले, पुढचा रोल नंबर. बाहेर आले आणि कालचा कुर्ता आठवला. हळदीतलं कर्क्युमिन साबणाच्या क्षारामुळे लाल होतं आणि लिंबाच्या आम्लामुळे परत पिवळं होतं. हा बदल रासायनिक आहे, आणि मी स्वतःच्या हाताने तो चार वेळा उलटवून आले होते. म्हणजे मार्क मला चुकीच्या उत्तराचे मिळाले होते.

मित्रांनो, या लेखाचं कारण एवढंच. तुम्ही म्हणाल, एका व्हायव्हाचं एवढं काय मनावर घ्यायचं? तेच सांगते.

पिठाचा गहू करून दाखवा

एकदा शंका आली की सगळीकडे तेच दिसायला लागतं. आमच्या मजल्यावरच्या इन्व्हर्टरची बॅटरी घ्या. आत शिसं, शिशाचं ऑक्साइड आणि गंधकाम्ल. लाइट गेली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि आपला पंखा चालतो. लाइट आली की तेच लेड सल्फेट मोडून पुन्हा शिसं, ऑक्साइड आणि आम्ल. पूर्णपणे रासायनिक बदल, आणि दर उन्हाळ्यात तो रोज उलटतो. नाही उलटला तर इलेक्ट्रिशियनला बोलवावं लागतं!

आता दुसरी बाजू. आजी गिरणीतून दळण आणते. गव्हाचं पीठ होतं, नवीन पदार्थ काही तयार होत नाही. पुस्तकाप्रमाणे हा भौतिक बदल. मग करून दाखवा पिठाचा गहू! फुटलेली काच, फाटलेलं जर्नल, किसलेलं खोबरं, सगळे भौतिक बदल आणि एकही मागे येत नाही.

म्हणजे फरक उलटण्यात नाहीच. फरक आहे तो एवढाच की पदार्थ तोच राहिला की नवीन तयार झाला. रेणू तेच राहून फक्त जवळ-लांब झाले, मांडणी बदलली, तर भौतिक. अणूंमधले बंध तुटून नवे जुळले आणि वेगळ्या गुणधर्मांचा पदार्थ आला, तर रासायनिक. उलटवता येतो की नाही हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं खरं उत्तर बहुतेक वेळा "येतो, पण खर्च कोण करणार?" असं असतं. बॅटरी उलटते कारण तिला आपण बाहेरून वीज पाजतो.

इथे एक कबुली देते. मी नर्सरीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे "मेल्टिंग" आणि "डिझॉल्व्हिंग" मला व्याख्येसकट पाठ, पण मराठीत बोलताना मी "चहात साखर वितळली" म्हणायचे. मेसच्या काकूंनी एकदा सुधारलं, "साखर विरघळते बेटा, बर्फ वितळते." तेव्हापासून मी मराठी शब्द गोळा करतेय. पाणी गोठतं, पण तूप थिजतं. दूध आटतं, विरजतं आणि नासतं. लोखंड गंजतं, पालापाचोळा कुजतो, इडलीचं पीठ आंबतं. विरजणं आणि नासणं दोन्हींत आम्लामुळे दुधातलं प्रथिन एकत्र येतं, पण एकाला आपण वाटी घेऊन बसतो आणि दुसरं मोरीत ओततो. ज्या भाषेत पदार्थाच्या बदलाला इतके शब्द आहेत, त्या भाषेत वाढलेली मुलं "फरक स्पष्ट करा"चा चार ओळींचा तक्ता पाठ करतात, याचं मला आता आश्चर्य वाटतं. आणि मी तर ते शब्दही शिकले नव्हते.

कूलरचा हिशोब

आता आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. नागपुरात एप्रिल-मे मध्ये कूलरशिवाय जगता येत नाही, हे बाहेरून आलेल्या फर्स्ट इयरच्या मुलींना पहिल्याच उन्हाळ्यात कळतं. कूलरमध्ये होतं काय? पंप घासेवर पाणी सोडतो, पंखा त्यातून कोरडी हवा ओढतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता त्या हवेतूनच घेतली जाते. पाणी होतं ते पाणीच राहिलं, फक्त द्रवाचा वायू झाला. शुद्ध भौतिक बदल.

पण हिशोब बघा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. तासाला पाच लिटर पाणी उडालं, तर कूलर सुमारे ३३०० वॅट इतकी उष्णता हवेतून काढतोय, आणि स्वतः वीज खातोय अंदाजे २०० वॅट. एवढं स्वस्त काम दुसरं कुठलं यंत्र करत नाही. बाहेर ४४ डिग्री आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असली, तर चांगला कूलर खोलीत २७-२८ डिग्रीची हवा सोडतो. तोच कूलर मुंबईला न्या, किंवा आपल्याकडेच जुलैत लावा, नुसती चिकचिक. कारण हवा आधीच ओली, वाफ व्हायला जागाच नाही. म्हणजे कूलर चालतो तो नागपूरच्या कोरड्या हवेच्या जिवावर. आपण ज्या उन्हाला शिव्या देतो, तेच ऊन कूलर चालवतं, असंही म्हणता येईल.

तरी तक्त्यात बसत नाही असं काहीतरी इथेही आहेच. मे संपता संपता कूलरच्या घासेवर पांढरा कडक थर बसतो. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट असतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की कॅल्शियम कार्बोनेट उरतं, चुनखडी असते तेच. त्यावर लिंबू पिळून बघा, बुडबुडे येतील. म्हणजे भौतिक बदलाच्या डब्यात रासायनिक बदलही गुपचूप चालूच आहे. निसर्गाने आपला सिलॅबस वाचलेला नाही.

वीज येते कुठून

हे २०० वॅट येतात कुठून? हॉस्टेलच्या गच्चीवरून उत्तरेला बघा, हवा स्वच्छ असेल तर कोराडीच्या चिमण्या दिसतात. कोराडीला १९७४ पासून कोळशावर वीज तयार होते. पुढे खापरखेडा आहे. राज्याची वीज ग्रिडमधून फिरते, त्यामुळे माझ्या कूलरमधला अमुक युनिट कोराडीचाच असं कोणी म्हणू शकत नाही. पण विदर्भात कोळसा जळतो आणि महाराष्ट्रात दिवे लागतात, हे तर खरं आहे.

कोराडीत आपल्या विषयाच्या दृष्टीने बघण्यासारखं खूप आहे. तिथले ६६० मेगावॅटचे तीन नवीन संच सुपरक्रिटिकल आहेत. म्हणजे काय? पाण्यावरचा दाब २२१ बारच्या आणि तापमान ३७४ डिग्रीच्या वर गेलं की पाणी उकळतच नाही. द्रव आणि वाफ यातला फरकच संपतो, बुडबुडा नाही, पृष्ठभाग नाही. "पाणी १०० डिग्रीला उकळतं" हे आपण किती आत्मविश्वासाने लिहितो! ते वाक्य वातावरणाच्या दाबापुरतं खरं आहे, हे आपल्या शहराच्या वेशीवरच रोज सिद्ध होतंय.

तिथली वाफ थंड करायला पाणी लागतं. शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून कोराडीच्या केंद्राला दिलं जातं. कूलिंग टॉवरमध्ये होतं ते नेमकं आपल्या कूलरमध्ये होतं तेच, थोड्या पाण्याची वाफ करून उरलेलं थंड करायचं. म्हणजे सकाळी बाथरूममध्ये आपण सांडलेलं पाणी वीज तयार करायच्या कामी येऊ शकतं, आणि त्या विजेवर रात्री आपण पुन्हा पाण्याचीच वाफ करतो. हे वाचल्यावर मला खरंच भारी वाटलं होतं.

इथपर्यंत सगळं भौतिक. पण या सगळ्याच्या मुळाशी भट्टी आहे, आणि भट्टीत कोळसा जळतो. हा मात्र रासायनिक बदल, आणि त्याला कोणी लिंबू लावून परत आणू शकत नाही.

पुन्हा हिशोब. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज तयार करायला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो. त्यात ४० टक्के कार्बन धरला तर २६० ग्रॅम. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, हे आपण अकरावीत शंभरदा केलंय. त्या हिशोबाने एका युनिटमागे ९५० ग्रॅम वायू. जाळलेल्या कोळशापेक्षा धुराचंच वजन जास्त! शिवाय आपल्या कोळशात राखेचं प्रमाण मोठं, ३५ ते ४० टक्के. म्हणजे युनिटमागे पाव किलो राख.

मराठीत "राख झाली" म्हणजे संपलं, नामशेष झालं. लाव्हाझिएने १७८९ च्या त्याच्या पुस्तकात द्रव्य नष्ट होत नाही हे मांडलं. आपण तो नियम पेपरात लिहितो आणि हॉलच्या बाहेर येताना विसरतो. राख झाली म्हणजे संपली नाही. ती कुठेतरी आहे.

कुठे आहे?

माझी रूममेट अशाच एका वीजकेंद्राजवळच्या गावची. कोणत्या ते लिहू नको म्हणाली, म्हणून लिहीत नाही. मी तिला कूलरचा हा सगळा हिशोब मोठ्या कौतुकाने सांगत होते, २०० वॅटमध्ये ३३०० वॅटचं काम वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचा कूलर चालते, अन् आमच्याकडे राख उडते. आई उन्हाळ्यात धुणं बाहेर वाळत घालत नाही. घातलं का करडं होते." त्यात आवाज चढवणं नव्हतं, रडगाणं नव्हतं. नागपुरात ऊन पडते म्हणावं तसं ती म्हणाली. मला मात्र त्या रात्री कूलरचा आवाज जरा जास्तच ऐकू आला.

राखेचा कण फार लहान असतो, एका मायक्रॉनपासून शंभर मायक्रॉनपर्यंत. बरेचसे कण काचेच्या गोळ्यांसारखे गोल, काही तर आतून पोकळ, पाण्यावर तरंगतात. इतका बारीक कण वाऱ्याने उडतो आणि श्वासाबरोबर छातीत जातो. म्हणून केंद्रातली बरीच राख पाण्यात कालवून पाइपने राखेच्या तलावात सोडतात. ती खाली बसेल, पाणी वर राहील, हा झाला भौतिक गुणधर्मावरचा भरवसा. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत कोराडीजवळ खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि हा राखेचा चिखल शेतांत आणि नाल्यांमधून नदीच्या दिशेने गेला. ज्यांच्या धुऱ्यात ती शिरली, त्यांना भौतिक की रासायनिक हा प्रश्न पडला नसेल.

राखेचं सोनं नको, सिमेंट तरी

आता लगेच कोणी म्हणेल, "मग काय, वीज बंद करायची?" नाही. मी स्वतः कूलरच्या अगदी समोर झोपते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री लाइट गेली तर सगळ्यात आधी ओरडणारी मीच असते. वीज नको म्हणायचा मला अधिकार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. बदल उलटवता येत नाही म्हणजे पुढे काहीच करता येत नाही, असं नाही. राखेचा कोळसा होणार नाही, पण राखेचं दुसरं काहीतरी होऊ शकतं, आणि ते आपलंच काम आहे.

सिव्हिलच्या मुलांना हे माहीत आहे. राखेत मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असतं. सिमेंट पाण्यात मिसळलं की जो कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतो, त्याच्याशी राखेतली सिलिका हळूहळू संयोग पावते आणि सिमेंटमध्ये तयार होतो तसाच चिकट पदार्थ तयार होतो. काँक्रीट सावकाश ताकद घेतं, पण जास्त घट्ट होतं, पाणी कमी झिरपतं. भारतीय मानकाप्रमाणे पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते. राखेच्या विटाही होतात. केंद्र सरकारने राखेच्या वापराबद्दल पहिली अधिसूचना १९९९ मध्ये काढली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत तर राख शंभर टक्के वापरायचं बंधन आहे आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई आहे. म्हणजे ज्ञान आहे, कायदाही आहे. तरी रूममेटच्या आईचं धुणं घरातच वाळतं. मधली जी जागा रिकामी आहे, ती इंजिनीअरची जागा आहे असं मला वाटतं. कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्यासाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली होती. त्या सुनावणीतल्या कागदांवर वीज, राख, पाणी, तापमान हेच शब्द होते, जे आपण फर्स्ट इयरला पाच मार्कांसाठी लिहितो.

आपल्या हॉस्टेलमध्ये सध्या चर्चा चालू आहे की कूलर काढून सगळ्या खोल्यांना एसी लावावेत. माझं मत मी इथेच सांगून टाकते. कूलर रात्री दहा तास चालला तर दोन युनिट, म्हणजे अर्धा किलो राख. शंभर खोल्या धरल्या तर रात्रीला ५० किलो. वजनाने सिमेंटचं एक पोतं. दीड टनाचा एसी तेवढ्याच वेळात दहा युनिट सहज खातो, म्हणजे रात्रीला पाच पोती. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात कूलर कुचकामी ठरतो, हे मान्य. पण एप्रिल-मे मध्ये, जेव्हा नागपूरची हवा स्वतःहून मदतीला येते, तेव्हा एका पोत्याच्या जागी पाच पोती कोणाच्यातरी अंगणात पाठवायची का, याचा विचार सह्या गोळा करण्याआधी व्हावा. निदान रीडिंग रूम आणि सिक रूमला एसी आणि खोल्यांना घास बदललेले, पंप दुरुस्त केलेले चांगले कूलर, असा मधला मार्ग काढता येईल. अर्धे कूलर थंड हवा देत नाहीत ते घास कुजल्यामुळे आणि क्षार साचल्यामुळे, कूलरच्या दोषामुळे नाही.

स्टाफला एक नम्र विनंती. व्हायव्हाला "फरक सांगा" विचारू नका. मेसमधली हळद, मजल्यावरची बॅटरी, कूलरवरचा पांढरा थर पुढे ठेवा आणि विचारा, "हा कोणता बदल, आणि कशावरून?" वर्षातून एकदा फर्स्ट इयरला वीजकेंद्र बघायला न्या, पण फक्त टर्बाइन हॉल दाखवून परत आणू नका. राखेच्या तलावापर्यंत न्या. तिथे एकही सूत्र पाठ करावं लागणार नाही, आणि एकही विसरणार नाही.

असो. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या आहेत, मतं मात्र माझीच आहेत. कुर्त्यावरचा डाग अजून आहे. साबणाने लाल होतो, लिंबाने पिवळा होतो, जात मात्र नाही. रूममेट म्हणते उन्हात टाक, उडून जाईल. तिचं बरोबर आहे, कर्क्युमिन उन्हात मोडतं. हाही रासायनिक बदल, आणि हा उलटणार नाही. पण तिच्या गावी गेले तर तो कुर्ता बाहेर वाळत घालणार नाही.